मेंढरांच्या मागचे पतंग

पोरं मला पाठीमागे ‘लेबलबाई’ म्हणतात, हे मला ठाऊक आहे. म्हणोत बापडी. प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला कुणी टाचणीवर किडा लावून आणतो आणि खाली चिठ्ठी नसते, तेव्हा माझं डोकं फिरतं. कुठे सापडला, कधी सापडला, कसा पकडला, कोणी पकडला. नखाएवढ्या कागदावर चार ओळी लिहायला काय धाड भरते? त्या नसतील तर तो किडा म्हणजे घरातला केर, असं मी सोलापुरातल्या एका कॉलेजात पंधरा वर्षं ओरडून सांगत आलेय. एका मुलीनं एकदा स्वतःच्या गॅलरीत सापडलेला पतंग ‘माळरान’ अशी चिठ्ठी लावून खपवला होता. मी तिला सगळ्या वर्गासमोर इतकं बोलले की ती रडायला लागली. त्या वेळी माझ्या कपाटात पतंगांची एक पेटी होती, आणि तिच्यातल्या निम्म्याहून जास्त चिठ्ठ्या खोट्या होत्या.

गाव खरं होतं, तारीख खरी होती. कसा पकडला आणि कोणी पकडला, या दोन ओळी मी धादांत खोट्या लिहिल्या होत्या.

मी ज्या पतंगांवर काम करते ते कुणाच्या डोळ्यांत भरणारे नाहीत. वाळल्या गवताचा रंग, लांबी फार तर बोटाच्या पेराएवढी. बसले की पंख अंगाभोवती गुंडाळून घेतात, काडीवर खाली डोकं करून चिकटतात आणि काडीच होऊन जातात. तोंडापुढे मिशांसारखे दोन अवयव जुळून पुढे आलेले असतात, त्यावरून त्यांना सोंडवाले म्हणायचं. रस प्यायची खरी सोंड वेगळीच, ती खाली गुंडाळलेली असते. अळ्या गवतावर वाढतात. कितीतरी जातींच्या अळ्या गवताच्या बुडाशी रेशमाची नळी विणून तिच्यात दडून राहतात आणि भूक लागली की बाहेर येऊन पातं कुरतडतात. ज्वारी काय, ऊस काय, भात काय, ही सगळी शेवटी गवतंच. त्यामुळे याच घराण्यातले भाऊबंद शेतात शिरले की खोडकिडा म्हणून बदनाम होतात.

माझं माहेर माढ्याकडचं, घरची जिरायत ज्वारी. आई ताटाचा मधला वाळलेला पोंगा ओढून काढायची, तो अलगद हातात यायचा, आणि मग आतल्या अळीला ती ज्या शिव्या घालायची त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. त्या अळीच्या सात पिढ्यांचा ती उद्धार करायची. पुढे मी त्याच पिढ्यांची वंशावळ लिहायला घेतली, आणि त्यासाठी मला पगार मिळतो, हे तिला शेवटपर्यंत नवलच वाटत राहिलं.

वंशावळ लावायची तर ती दिसते तितकी सोपी नाही. पूर्वी हे सगळे पतंग एकाच भल्यामोठ्या कुळात कोंबलेले होते. मग लोकांनी त्यांचे कान तपासले. या पतंगांचे कान पोटाच्या बुडाशी असतात. दोन कानांच्या पडद्यांपाशी एक बारीक घडी असेल तर ते एका कुळातले, नसेल तर शेजारच्या. घडीवाल्या कुळात पुन्हा पोटकुळं, त्यांतल्या एका पोटकुळात आमचे गवतावरचे, आणि त्यांच्यात इतक्या जाती की पंखांवर भरवसा ठेवून काम केलं तर माणूस फसलाच. शेजारी ठेवले तर जुळी भावंडं वाटणारे दोन पतंग, पोटाचं टोक कापून पोटॅशच्या द्रावणात शिजवून भिंगाखाली धरले की जननेंद्रियांवरून अगदी निराळे निघतात. सासूबाईंनी एकदा विचारलं होतं, “रात्रंदिवस त्या भिंगात तू बघतेस तरी काय गं?” मी खरं ते सांगितलं. त्यानंतर त्यांनी माझ्या कामाबद्दल कधी विचारलं नाही.

वळसंगच्या पुढे एक गाव आहे. नाव सांगत नाही. गावाला मोठं गायरान आहे, मुरमाड माळ, मध्ये दोन ओढे आणि बाकी सगळं गवत. गावोगावच्या पंचायतींना आपल्या हद्दीतल्या झाडाझुडपांची, पाखरांची, किड्यांची एक नोंदवही करावी लागते. त्या गावाची वही आमच्या कॉलेजकडे आली आणि किड्यांचा भाग मी मागून घेतला. मला त्यात फार समाजसेवा वगैरे करायची नव्हती. माळावरच्या गवती पतंगांवर एक शोधनिबंध लिहायचा होता, आणि वहीच्या निमित्तानं स्कूटीचं पेट्रोल कॉलेजच्या खात्यातून निघत होतं.

पहिले तीन आठवडे मी नुसती घाम गाळत होते. पाऊस ओसरल्यानंतरचे दिवस, गवत गुडघ्याला लागलेलं. पुस्तकात सांगितलेल्या पद्धतीनं मी माळावर दोरी टाकून सरळ रेषा आखायची आणि त्या रेषेवरून गवतात जाळी फिरवत जायची. जाळीत कुसळं यायची, नाकतोडे यायचे, एकदा सरडा आला. पतंग मात्र पाऊल टाकायच्या आत उठायचे, वाऱ्याबरोबर चार हात मागे जाऊन बसायचे, आणि बसले की दिसेनासे व्हायचे. हातात रोज चार-दोन फाटके नग.

आक्का मला तिथे भेटली. साठीच्या आसपासची, अंगानं काटकुळी, डोक्याला टॉवेल गुंडाळलेली, पुढे तीस-पस्तीस मेंढरं आणि दोन शेरडं. मेंढरांशी ती कानडीत बोलायची आणि माझ्याशी मराठीत. तिचा नवरा गुडघ्यांनी घरी बसलेला होता, कळप तीच राखायची. सगळं गाव तिला आक्का म्हणायचं, म्हणून मीही म्हणू लागले. दोन-तीन दिवस तिनं लांबून माझी कवायत पाहिली असावी. मग जवळ येऊन म्हणाली, “काय धरताय वं बाई? नाकतोडं?”

“पतंग. या गवतातल्या बारक्या पाकुळ्या.”

“आन् त्या अशा गावत्यात व्हय? एकलीनं जाळी हानून?” ती मनापासून हसली. “मेंढरू वाऱ्याकडं त्वांड करून चरतंय. खूर पडला की पाकुळी उठती, वारं तिला मागं आनून टाकतंय. तुमी मेंढराच्या मागं चला. तुमच्या पायाम्होरं येऊन बसंल ती.”

मी चालले. खरंच सांगते, पंधरा मिनिटांत माझ्या बाटलीत आठवड्याचा माल आला. तीस मेंढरांचे खूर एका ओळीत माळावरून सरकत होते, गवतातून पतंग उठत होते आणि वाऱ्यानं मागे येऊन माझ्या समोरच्या काड्यांवर उलटे लटकत होते. जाळीचीही गरज नव्हती. आक्का तर ओंजळ करून काडीवरून अलगद उचलायची, पंखाचा खवलासुद्धा न सांडता. मला ते कधी जमलं नाही. माझ्या बोटांत पंखांचं पीठ व्हायचं.

दोन हंगाम मी तिच्या मेंढरांमागे हिंडले. सकाळी ऊन चढायच्या आत पोचायचं, तिच्या फडक्यातली भाकरी आणि शेंगाची चटणी खायची, आणि दुपारपर्यंत चालायचं. ‘तुमी’चं ‘तू’ कधी झालं मला कळलं नाही. “ये बाई, हिकडं ये, हितं तुजी पाकुळी बसलीया,” असं ती माळभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडायची. मला ते आवडायचं. माझी आई गेल्यापासून माझ्यावर असं कुणी ओरडलं नव्हतं.

आक्काचीही एक वर्गवारी होती. ती पतंग गवतावरून ओळखायची. ही पवन्याची, ही कुसळीची, ही मारवेलाची. कुसळीची लई आळशी, पवन्याची लई वंगाळ, धरली की अंग टाकून मेल्याचं सोंग घेती. मी हसून वहीत लिहून घ्यायची, आपण लोकगीत लिहून घ्यावं तसं. एकदा मी एका बाटलीत दोन पतंग टाकले तेव्हा तिनं बाटली उन्हात धरली आणि म्हणाली, “ह्या दोगी बहिनी न्हाईत.”

“एकच जात आहे, आक्का.”

“जात मला ठावं न्हाय. पर ही पवन्यावरनं उठली की फिरून पवन्याच हुडकती. आन् ही दुसरी मारवेल सोडून कुटं बसल्याली मी बघितली न्हाय.”

मी तिला पंखांवरच्या रेघा दाखवल्या, भिंग तिच्या हातात दिलं, कॉलेजात देते तसं पाच मिनिटांचं भाषणही दिलं. ती ऐकून घेत राहिली. “असंल,” म्हणाली आणि मेंढरं वळवायला गेली. हिवाळ्यात मी ते नग कापले. पोटॅशमधून काढून भिंगाखाली धरले आणि खुर्चीत मागे टेकून बसले. दोन जाती होत्या. माझ्या आधीच्या पेट्या काढून पुन्हा कापाकापी केली, तर मी एक म्हणून लावलेल्या आणखी दोन ठिकाणी तोच घोटाळा. आक्काच्या गवतावरून वाटे केले की तो बरोबर सुटत होता.

आनंदानं मी दुसऱ्याच दिवशी स्टाफरूममध्ये सांगितलं, “गवत बघून नग वेगळे करायचं माझ्या डोक्यात आलं म्हणून बरं.” वाक्य तोंडातून सहज गेलं. कुणी काही विचारलं नाही, सगळ्यांनी चहा घेतला. खोटं बोलणं इतकं सोपं असतं हे मला त्या दिवशी कळलं आणि दुर्दैवानं त्याचा उपयोगही झाला.

कारण मग निबंध लिहायची वेळ आली. त्यात एक भाग असतो: नमुने कसे गोळा केले. मी टाइप केलं, ‘मेंढरांच्या कळपामागे चालून.’ वाचून पाहिलं. परत वाचलं. मला ते वाक्य कुठल्यातरी मोठ्या शहरातल्या प्राध्यापकाच्या टेबलावर दिसायला लागलं आणि त्याच्या ओठांच्या कोपऱ्यातलं हसूही दिसायला लागलं. खरं म्हणजे इतकं नीट, इतकं पुन्हा करून पाहता येण्यासारखं दुसरं काही मी आयुष्यात केलेलं नाही. पण मी ज्वारीच्या रानातून शिकून वर आलेली. मोठ्या मुश्किलीनं पायातली ढेकळं झाडलेली. मेंढरांमागे फडकं बांधून चालणारी बाई मला छापील कागदावर दिसायला नको होती. मी ते खोडलं आणि लिहिलं, ‘ठरावीक रेषेवरून जाळी फिरवून.’ मग चिठ्ठ्याही तशाच केल्या. ‘कोणी पकडला’च्या ओळीत सगळीकडे माझं नाव आणि माझी पदवी.

निबंध छापून आला. मला बढतीसाठी त्याचा फायदा झाला. आक्काला मी छापील पान नेऊन दाखवलं तेव्हा तिनं चित्रावर बोट ठेवून म्हटलं, “ही कुसळीची.” बरोबर होतं. आपलं नाव त्यात आहे का, हे तिनं विचारलं नाही.

इथपर्यंत असतं तर मी हे लिहायला बसले नसते. असल्या चोऱ्या पचतात. आमच्या धंद्यात त्या पचवूनच माणसं निवृत्त होतात.

पंचायतीची वही राहिली होती. प्रिन्सिपॉल घाई करत होते. शेवटच्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडा ठेवून मी रकाने भरले. प्रत्येक जीवापुढे दोन रकाने असतात. एक, ‘माहिती देणारी व्यक्ती’. तिथे मी लिहिलं, ‘स्वतः.’ दुसरा, ‘धोके’. तिथे काय लिहायचं, याचा मी विचारही केला नाही. आदल्या वर्षी भरलेली दुसऱ्या गावाची वही समोर होती, तिच्यातून उतरवलं: वणवा, तणनाशक, अतिचराई. नोंदवह्या भरणाऱ्या आम्हा मास्तर लोकांची ती ठरलेली ओळ आहे. माळ म्हटला की अतिचराई. कुणी कधी मेंढरू मोजलेलं नसतं. मी तर दोन वर्षं त्याच मेंढरांमागे चालून पेटी भरली होती. तरी तो शब्द माझ्या पेनातून आला आणि मी भाजीचा घास तोंडात घालून पुढच्या पानावर गेले.

जानेवारीतल्या ग्रामसभेत गावानं माझा सत्कार ठेवला. मारुतीच्या देवळापुढे मांडव, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, माईक. सरपंचांनी शाल घातली, नारळ दिला. माणूस वाईट नव्हता. त्याला गाव हिरवं दिसायला हवं होतं. गायरानात चर खणायचे, तारेचं कुंपण घालायचं, झाडं लावायची, असं त्याचं बरीच वर्षं चाललं होतं, आणि मेंढरंवाल्या घरांचा त्याला विरोध होता. त्या दिवशी त्याच्या हातात माझी वही होती.

“हे मी म्हणत न्हाय,” तो माईकमध्ये म्हणाला, “ह्ये कॉलेजच्या बाईंनी लिवलंय. आपल्या माळावर दुर्मीळ पतंग हायत. आन् त्यांना धोका कशाचा? अतिचराईचा.” त्यानं तो शब्द दोनदा वाचला. मग ठराव मांडला: तीन वर्षं चराईबंदी.

मी खुर्चीत बसले होते, अंगावर शाल, मांडीवर नारळ. मला तोवर या ठरावाची कल्पना नव्हती, हे खरं आहे. पण तो शब्द कानावर पडल्या क्षणी मला सगळं समजलं होतं, हेही तितकंच खरं.

बायका एका बाजूला सतरंजीवर बसल्या होत्या. त्यांच्यातून आक्का उठली. सभेत बोलायची तिला सवय नव्हती, पदर दातांत धरून बोलली. “बाईंनाच इचारा की,” ती म्हणाली. “बाई दोन वर्सं आमच्याच मेंढरामागं हिंडल्यात. मेंढरानं पाकुळ्या मरत्यात का उठत्यात, त्या सांगतील.”

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. आक्काही माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. आपलं माणूस खुर्चीवर बसलेलं आहे, या भरवशानं ती उभी होती. तो चेहरा मी अजून विसरू शकलेले नाही.

मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, की हो, मी मेंढरांमागे हिंडले, आणि तो शब्द मी न बघता लिहिला. पण मग छापलेल्या निबंधाचं काय? जाळी फिरवून म्हणून लिहिलंय त्याचं काय? समोर आमचे प्रिन्सिपॉल बसले होते. गावचा तरुण वार्ताहर मोबाइल धरून उभा होता. मी माईक हातात घेतला आणि माझा वर्गातला आवाज काढला. “वहीतली नोंद व्यापक निरीक्षणावर आधारलेली आहे,” मी म्हणाले. “काही वर्षं विश्रांती मिळाली तर गवताला चांगलंच असतं.”

दोन वाक्यं. मी तिथे शेण खाल्लं. याहून सभ्य शब्द मला सापडत नाही.

मला वाटतं ‘व्यापक निरीक्षण’ म्हणजे काय, हे आक्काला कळलं नसावं, पण दुसरं वाक्य कळलं. मग ती खाली बसली. हात वर झाले, ठराव मंजूर झाला. मांडवाबाहेर चपलांच्या ढिगात आम्ही दोघी एकाच वेळी वाकलो. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “शाल चांगली हाय.” टोमणा होता की नुसतं बोलायचं म्हणून बोलली, मला आजही सांगता येणार नाही. मी काहीतरी पुटपुटले आणि प्रिन्सिपॉलांच्या गाडीत जाऊन बसले.

पुढच्या पावसाळ्यानंतर मी एकटीच माळावर गेले. तारेचं कुंपण झालं होतं, चर खणले होते, चरांच्या कडेनं रोपं लावलेली, त्यांतली बरीच वाळलेली. चराई बंद असल्यामुळे गवत माजून आडवं पडलं होतं, मागच्या वर्षीचं जुनं गवत खाली कुजत होतं. मी दोरी टाकली, रेषा आखली आणि निबंधात लिहिलं होतं तसं खरोखरच जाळी फिरवत गेले. दिवसभरात तीन पतंग मिळाले. पतंग कमी झाले होते, की त्यांना उठवणारे खूर नसल्यामुळे मला ते दिसत नव्हते? याचं उत्तर माझ्याकडे नाही. ते देण्यासाठी आधीच्या दोन वर्षांशी तुलना करायला हवी, आणि आधीच्या दोन वर्षांची खरी पद्धत मी स्वतःच्या हातानं खोडून टाकली आहे. शास्त्र म्हणून माझ्या त्या कामाची किंमत शून्य आहे.

आक्काच्या घराचा मला रस्ता माहीत होता, पण तिथे जायला मला फेब्रुवारी उजाडला. कळप विकून झाला होता. सांगोल्याकडचं कुणी घेऊन गेलं, असं शेजारणीनं सांगितलं. आक्का सोलापूरच्या रस्त्यावर एका शेडमध्ये कांदा निवडायला जात होती. मी तिथे गेले. बायका दोन रांगांत ढिगापुढे बसल्या होत्या. आक्काच्या डोक्याला तोच टॉवेल होता, त्यावर कांद्याची टरफलं. मला बघून तिनं हात थांबवले नाहीत. मोठा कांदा एकीकडे, बारका दुसरीकडे, कोंब आलेला पाठीमागे.

मी तिच्याशेजारी पोत्यावर बसले. “आक्का, माझं चुकलं,” मी म्हणाले.

“व्हय,” ती म्हणाली.

मी सोबत अर्ज टाइप करून नेला होता. वहीतला तो शब्द चुकीनं लिहिला गेला, तो काढावा, आणि ‘माहिती देणारी व्यक्ती’ या रकान्यात माझ्याऐवजी तिचं नाव लिहावं, असा. नावाची जागा मी मोकळी ठेवली होती. दोन वर्षं तिच्या फडक्यातली भाकरी खाल्ली आणि तिचं नाव मला माहीत नव्हतं. “तुमचं पूर्ण नाव सांगा,” मी पेन काढून म्हणाले.

आता मात्र तिचे हात थांबले. “आता नाव इचारताय व्हय, बाई?” ती म्हणाली. “नगं. त्या वहीनं माळ बंद केला. तिच्यात माजं नाव घातलं तर माजी जाऊच म्हनंल, ह्या म्हातारीनंच बाईला शिकवून माळ बंद करवला. मेंढरं गेली ती गेली. वर ह्यो बोल कशाला घिऊ मी?”

माझ्या हे ध्यानीमनीही नव्हतं. घरून निघताना मला वाटलं होतं, मी तिला काहीतरी द्यायला चाललेय. तिच्या गावात, तिच्या भावकीत त्या नावाचं काय होईल, याचा विचार मी तो शब्द लिहिताना जसा केला नव्हता तसा हा अर्ज लिहितानाही केला नव्हता. शेजारच्या बायका ऐकत होत्या.

“मग मी काय करू, आक्का?”

“अर्ज कुनाला दिसतोय? समद्यांम्होरं बोलला न्हवं तुमी, गवताला इस्वाटा बरा म्हनून? मग समद्यांम्होरंच सांगा, मी मेंढरामागं हिंडत हुते म्हनून. दोन सबदांचं तर काम हाय. सभा असती की एक मेला. झेंड्याच्या दिशी बी असती.” तिनं पुढचा कांदा उचलला. “मी येती सभेला. तुमी ‘हुबी ऱ्हाती’ म्हनला तर म्होरं येऊन बसती.”

“येते,” मी म्हणाले. “नक्की येते.”

अर्ज मी नावाशिवायच पंचायतीत दिला. कारकुनानं पोच दिली आणि सांगितलं, वही वर गेलीय, पुढची दुरुस्ती निघेल तेव्हा बघू.

त्यानंतर एक मे झाला. पंधरा ऑगस्टही होऊन गेला. दोन्ही दिवशी कॉलेजात झेंडावंदन होतं आणि शिक्षकांना हजेरी सक्तीची असते. झेंडावंदन साडेआठला उरकतं. ग्रामसभा अकराला सुरू होते. गाव माझ्या स्कूटीवर पाऊण तासाच्या अंतरावर आहे.